लांब जलवाहिनीच्या गणितात पाण्याची संपीड्यता धरावी का?

द्रवरेषा:

नमस्कार. मी गेली तीन वर्षे पाणीपुरवठ्याच्या वाहिन्यांच्या संकल्पनाचे काम करतो. सध्या हाती असलेली वाहिनी गुरुत्वाने वाहणारी आहे. तिची लांबी २० किलोमीटर, आतील व्यास १ मीटर, पोलादी पाइपची जाडी १० मिलिमीटर आणि पाण्याचा वेग सेकंदाला १.५ मीटर आहे. वरच्या टोकाला जलाशय आणि खालच्या टोकाला एक बटरफ्लाय व्हॉल्व्ह आहे. जलाशयाची पातळी व्हॉल्व्हपेक्षा साधारण ४४ मीटर उंच असून त्यातील सुमारे ४१ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) घर्षणात खर्च होते.

व्हॉल्व्ह बंद करताना दाब किती वाढेल हे काढताना माझा गोंधळ झाला आहे. पाणी असंपीड्य, म्हणजे दाबाने न दबणारे, असते, असे आम्ही शिकलो. दाब १.५ मेगापास्कलने वाढला तरी पाण्याचे आकारमान जेमतेम ०.०७ टक्क्यांनी कमी होते, हे मी स्वतः काढून पाहिले. इतका क्षुल्लक फरक सोडून द्यावा, सगळे पाणी एका अखंड दांड्यासारखे धरावे आणि त्याला न्यूटनचा दुसरा नियम लावावा, असे माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत आहे. संगणकावरील प्रणाली मात्र तरंगवेग, म्हणजे दाबाचा बदल वाहिनीतून पुढे सरकण्याचा वेग, भरल्याशिवाय पुढे जातच नाही.

पाणी दबते म्हणूनच जलाघात (प्रवाह अडवल्यावर पाइपमध्ये बसणारा दाबाचा धक्का) होतो, असेही एके ठिकाणी वाचले. मग पाणी अजिबात दबत नसते तर जलाघात झालाच नसता का? आणि आमचा व्हॉल्व्ह ६० सेकंदांत बंद होणार आहे. त्याला हळू म्हणता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तरंगवेग:

आपली ०.०७ टक्के ही संख्या बरोबर आहे. चूक आहे ती तिला क्षुल्लक म्हणण्यात, कारण ही टक्केवारी किती पाण्यावर लागू होते हे आपण अजून पाहिलेले नाही. आपल्या वाहिनीत सुमारे १५,७०० घनमीटर पाणी मावते आणि त्याचे ०.०७ टक्के म्हणजे ११ घनमीटर होतात. आपला प्रवाह सेकंदाला १.१८ घनमीटर आहे. म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाल्यानंतरही जवळजवळ साडेनऊ सेकंद पूर्ण प्रवाह वरून येत राहिला, तरी तो सामावून घेण्याइतकी जागा केवळ पाण्याच्या दबण्यातून निर्माण होते. लांब वाहिनीतल्या क्षणिक प्रवाहाचे सगळे वागणे या जागेवर ठरते.

पाइपही ताणला जातो, हे यासोबत धरले पाहिजे. पाण्याचा बल्क मॉड्युलस (दबण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) साधारण २.२ गिगापास्कल आणि पोलादाचा यंग मापांक (ताणले जाण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे २०० गिगापास्कल आहे. व्यास भागिले जाडी हे आपल्या पाइपसाठी १०० येते. मॉड्युलसांच्या गुणोत्तराला या १०० ने गुणले की १.१ मिळतात. याचा अर्थ असा की दाब वाढल्यावर पाणी दबून जेवढी जागा मोकळी होते, तिच्या १.१ पट जागा पाइप फुगून देतो. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पाणी ताठ धरले आहेच, पण पोलादही ताठ धरले आहे, आणि इथे पोलादाचा वाटा पाण्यापेक्षा किंचित मोठाच आहे.

तरंगवेग यातूनच निघतो. अफाट पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १४८३ मीटर असतो. पाइपच्या लवचिकतेमुळे त्याला १ अधिक १.१ च्या वर्गमुळाने भागावे लागते आणि उत्तर सेकंदाला १०२३ मीटर येते. हे सूत्र डच गणितज्ञ कोर्टेवेख यांनी १८७८ साली दिले. वेगातला बदल आणि दाबातला बदल यांचा संबंध निकोलाय झुकॉव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठा वाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ साली प्रसिद्ध केला. दाबवाढ म्हणजे घनता, तरंगवेग आणि वेगातला बदल यांचा गुणाकार, हा तो संबंध. आपल्यासाठी ती १.५३ मेगापास्कल, म्हणजे १५६ मीटर हेड, इतकी येते.

आता हिशेब उलट्या बाजूने तपासून पाहू, कारण माझा स्वतःचा या विषयावर विश्वास बसला तो या ताळ्यामुळे. व्हॉल्व्ह एका क्षणात बंद झाला असे समजा आणि घर्षण तूर्त बाजूला ठेवा. व्हॉल्व्हला टेकलेला पाण्याचा थर थांबतो, दबतो, त्याच्याभोवतीचा पाइप फुगतो, मग त्याच्या मागचा थर थांबतो. ही थांबण्याची सीमा सेकंदाला १०२३ मीटर वेगाने जलाशयाकडे सरकते आणि १९.५ सेकंदांनी तिथे पोहोचते. तोवर वरच्या टोकाला पाणी पूर्वीच्याच वेगाने आत येत असते, कारण खाली काय घडले याची त्याला वार्ताच नसते. १९.५ सेकंदांत आत आलेले पाणी २३ घनमीटर होते. १.५३ मेगापास्कल दाबाने पाणी ११ घनमीटर दबते आणि पाइप १२ घनमीटर फुगतो. बेरीज २३ च येते. ऊर्जेचेही तसेच आहे. वाहत्या पाण्याची गतिज ऊर्जा १७.७ मेगाज्यूल होती आणि दबलेल्या पाण्यात व ताणलेल्या पोलादात मिळून साठलेली ऊर्जाही तेवढीच भरते. संपीड्यता सोडून दिली तर हे २३ घनमीटर पाणी आणि ही १७.७ मेगाज्यूल ऊर्जा कुठे गेली, याचे उत्तर देता येत नाही.

म्हणून आपण जे वाचले ते अर्धेच खरे आहे. पाणी आणि पाइप दोन्ही पूर्ण ताठ असते, तर अचानक बंद केलेल्या व्हॉल्व्हवर अमर्याद दाब आला असता, कारण १५,७०० टनांच्या दांड्याला शून्य वेळात थांबवावे लागले असते. जलाघाताचे कारण जडत्व आहे. संपीड्यता त्या आघाताला मर्यादा घालते आणि त्याला तरंगाचे रूप देते, म्हणजे दाब आता किती वाढेल याइतकेच तो कुठे, केव्हा आणि किती वेळ राहील हेही ठरवते.

तरंग जलाशयाशी पोहोचल्यावर गोष्ट संपत नाही. तिथला दाब जलाशयाच्या पातळीने बांधलेला असल्यामुळे दबलेले पाणी स्प्रिंगसारखे सुटते आणि जलाशयाकडे मागे वाहू लागते. दाब पूर्ववत झाल्याची खबर व्हॉल्व्हपर्यंत यायला आणखी १९.५ सेकंद लागतात. म्हणजे एकूण ३९ सेकंद व्हॉल्व्हवरचा दाब चढलेलाच राहतो. त्यानंतर मागे जाणारे पाणी बंद व्हॉल्व्हपासून दूर ओढले जाते आणि तिथला दाब तितकाच खाली जाऊ पाहतो. ४४ मीटरच्या स्थिर पातळीतून १५० मीटर वजा होऊ शकत नाहीत. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब सुमारे २.३ किलोपास्कल असतो, तिथे पोहोचताच पाण्याची वाफ होऊन पोकळी तयार होते. ही पोकळी पुढे मिटते तेव्हा दुसरा आघात बसतो, आणि कित्येकदा संकल्पनात पहिल्या आघाताची तरतूद असूनही पाइप फुटतो तो या दुसऱ्यामुळे.

जुना_चाकफिरव्या:

वरील विवेचन उत्तम आहे. मी अनेक वर्षे वाहिन्यांचे परिचालन केले आहे, त्यामुळे ६० सेकंदांच्या प्रश्नावर बोलणे मला कर्तव्य वाटते. खरा धोका तिथेच आहे.

प्रथम आपल्या सहकाऱ्यांची ताठ दांड्याची पद्धत पाहू. वेग एकसारख्या दराने ६० सेकंदांत शून्यावर आणला, तर त्या पद्धतीने ५१ मीटर दाबवाढ येते. १० सेकंदांत आणला तर ३०६ मीटर आणि १ सेकंदात आणला तर ३ हजार मीटरहून अधिक. शेवटची दोन उत्तरे अशक्य आहेत, कारण वर दाखवल्याप्रमाणे पूर्ण प्रवाह एका क्षणात थांबवला तरी उसळीची, म्हणजे दाबाच्या अचानक वाढीची, मर्यादा १५६ मीटर आहे. जलद बंद करताना ताठ दांडा दाब भलताच वाढवून सांगतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. हळू बंद करताना तो दाब कमी सांगतो, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. ६० सेकंदांत वेग एकसारखा घटत असता पहिले ३९ सेकंद वरून सुटकेचा (जलाशयाकडून परतणारा, दाब उतरवणारा) तरंग येतच नाही, दाब साचत जातो आणि कमाल दाबवाढ ५१ च्या दुप्पट, म्हणजे १०२ मीटर होते. हेच मिशो यांचे १८७८ सालचे सूत्र. त्यातला दोनचा गुणक संपीड्यतेमुळेच आला आहे, जरी सूत्रात तरंगवेग कुठेही दिसत नसला तरी. बंद करण्याचा काळ ३९ सेकंदांच्या दहा-बारा पट, म्हणजे सहा-सात मिनिटांहून अधिक असेल, तर ताठ दांड्याच्या आणि लवचिक स्तंभाच्या उत्तरांतला फरक इतक्या थोड्या मीटरांचा उरतो की साधे गणित चालून जाते. त्याच्या आत नाही.

आता १०२ मीटर हे आपले उत्तर समजू नका. चाक एकसारखे फिरले म्हणून वेग एकसारखा घटतो, हे गृहीतक लांब वाहिनीत साफ मोडते. आपल्या वाहिनीचा एकूण घर्षण गुणक, म्हणजे घर्षणांक गुणिले लांबी भागिले व्यास, सुमारे ३६० आहे. व्हॉल्व्ह अर्धा बंद झाला तेव्हा त्याचा स्वतःचा रोध गुणक समजा ३० झाला. ३६० मध्ये ३० मिळवल्याने वेग फक्त ४ टक्के घटतो. वेग निम्मा व्हायचा असेल तर व्हॉल्व्हचा गुणक १,०८० व्हावा लागतो, आणि बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये ते साधारण चार-पंचमांश फिरवणे झाल्यावर घडते. त्यातही दाब चढू लागला की उरलेल्या फटीतून पाणी अधिक जोराने जाते, त्यामुळे खरे थांबणे आणखी शेवटाकडे ढकलले जाते. तुमच्या ६० सेकंदांपैकी पहिली ३० सेकंदे जवळजवळ वाया जातात आणि ९६ टक्के वेग पुढच्या ३० सेकंदांत मारला जातो. ३० हे ३९ पेक्षा कमी आहेत. म्हणजे तुमचे बंद करणे घड्याळाने एक मिनिटाचे असले तरी पाण्याच्या दृष्टीने अचानकच आहे आणि १५० मीटरच्या आसपास उसळी बसणारच.

मी स्वतः एका मोठ्या वाहिनीवर हे पाहिले आहे. बंद करण्याच्या वेळेचा नियम कागदावर काटेकोर होता, आम्ही तो सेकंदावर पाळला आणि तरीही जवळच्या एका जोडाची गॅस्केट बाहेर आली. तेव्हापासून मी कोणालाही एकूण वेळ विचारत नाही. शेवटच्या पाचव्या हिश्शाला किती वेळ देता, ते विचारतो. पहिले ८० टक्के फिरवणे दोन मिनिटांत उरकावे आणि उरलेल्या २० टक्क्यांना निदान आठ-दहा मिनिटे द्यावीत, अशी दोन टप्प्यांची पद्धत तुमच्या वाहिनीसाठी मला योग्य वाटते. नेमके आकडे अर्थातच व्हॉल्व्हच्या रोध-आलेखावरून (व्हॉल्व्ह किती बंद असता किती रोध होतो, हे दाखवणाऱ्या आलेखावरून) प्रणालीत चालवून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट. १५६ मीटर ही कमाल मर्यादा आहे, असा समज मीही वर तात्पुरता वापरला, पण लांब वाहिनीत तोही पुरा पडत नाही. घर्षणामुळे वरच्या बाजूचे हेड आधीपासूनच ४१ मीटरने जास्त असते. तरंग वर सरकत जातो तसे अधिक हेडचे पाणी थांबत जाते, त्याच्या मागे थोडा प्रवाह व्हॉल्व्हकडे चालूच राहतो आणि व्हॉल्व्हजवळचे पाणी आणखी ठासले जाते. याला आम्ही लाइन पॅकिंग म्हणतो. व्हॉल्व्ह अचानक बंद झाल्यास तिथला दाब १५६ मीटरची उडी घेऊन थांबत नाही. पुढच्या ३९ सेकंदांत तो हळूहळू चढत राहतो आणि सुटकेचा तरंग येण्याच्या आधीच्या क्षणी घर्षणाचे जवळजवळ सगळे ४१ मीटर त्यात मिळालेले असतात. मूळचे तीन मीटर धरून ही बेरीज २०० मीटरला टेकते. आखूड वाहिनीत ही भर नगण्य असते; घर्षणातला व्यय झुकॉव्स्कीच्या उसळीच्या तुलनेत मोजण्याजोगा झाला की ती विसरून चालत नाही.

द्रवरेषा:

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. शेवटच्या पाचव्या हिश्शाची बाब माझ्या ध्यानातच आली नव्हती. व्हॉल्व्हचा रोध-आलेख मी उत्पादकाकडून मागवला आहे.

एक शंका उरते. तरंगवेगाचा आकडा इतका निर्णायक असेल तर तो किती अचूक असायला हवा? प्रणालीत पाइपच्या आधारांविषयी आणि तापमानाविषयीही माहिती विचारली जाते. शिवाय याच प्रकल्पाचा एक फाटा प्लास्टिक पाइपचा करावा, असा प्रस्ताव आहे. खात्री नसेल तेव्हा जास्तीत जास्त तरंगवेग धरला की आपण सुरक्षित बाजूला राहतो, असे समजावे का?

दाबमापक:

तापमानाची फार चिंता करू नये. शुद्ध पाण्यातला ध्वनिवेग ० अंशाला सेकंदाला सुमारे १४०२ मीटर आणि २० अंशांना १४८२ मीटर असतो. पाइपच्या लवचिकतेचा वाटा मिसळल्यावर तो फरक आणखी पातळ होतो. आधारांचेही तसेच. पाइप संपूर्ण लांबीत लांबण्यापासून रोखलेला असेल तर पोलादासाठी लवचिकतेच्या पदाला ०.९१ ने गुणतात, त्यामुळे १०२३ चे १०४९ होतात. अडीच टक्क्यांनी कोणताही निर्णय बदलत नाही.

हवेने मात्र सगळे बदलते, आणि वरच्या चर्चेत तिचा उल्लेख आलेला नाही. पाण्यात बारीक बुडबुड्यांच्या रूपाने आकारमानाच्या ०.१ टक्का हवा पसरलेली आहे, असे समजा. एकूण दाब १ मेगापास्कल असलेल्या ठिकाणी, म्हणजे साधारण ९० मीटर हेडखाली, तुमच्याच पोलादी पाइपमधला तरंगवेग १०२३ वरून ७१५ पर्यंत उतरतो. तेवढीच ०.१ टक्का हवा वातावरणीय दाबाच्या जवळ असेल, तर तो ३०० च्या आसपास येतो. कारण सरळ आहे. पाण्याचा बल्क मॉड्युलस २.२ गिगापास्कल आणि हवेचा, तापमान स्थिर धरल्यास, तिच्या निरपेक्ष दाबाइतकाच, म्हणजे इथे हजारो पट कमी. हजारातला एक भाग हवा असली की दबण्याचे बहुतेक काम तीच करते. याचा अर्थ असा की एकाच वाहिनीत दरीच्या तळाशी आणि उंचवट्यावर तरंगवेग वेगवेगळा असू शकतो, आणि दाब खाली जाताना तो आणखी घटत जातो. हवा तरंग मंद करते म्हणून ती हितकारक आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. पसरलेले बुडबुडे आणि उंचवट्यावर साचलेला हवेचा मोठा कप्पा यांचे वागणे वेगळे आहे. त्या कप्प्यावर पाण्याचा स्तंभ आपटतो तेव्हा झुकॉव्स्कीच्या आकड्यापेक्षाही जास्त दाब उद्भवू शकतो. एअर व्हॉल्व्हची (अडकलेली हवा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) जागा आणि त्यांची देखभाल हा म्हणूनच जलाघाताच्या गणिताचाच भाग आहे.

आता जास्तीत जास्त तरंगवेग धरण्याविषयी. इथे माझे मत ठाम आहे: एकच आकडा धरून गणित करू नये. प्रवाह अचानक थांबत असेल, पंप एकाएकी बंद पडत असेल, तेव्हा मोठा तरंगवेग मोठी उसळी देतो आणि तो धरणे सुरक्षित ठरते. पण व्हॉल्व्ह किती हळू बंद करावा हे ठरवताना तोच आकडा फसवतो, कारण तरंगवेग मोठा धरला की तरंगाची जा-ये लवकर होते आणि तुमचे बंद करणे कागदावर हळू दिसू लागते. प्लास्टिकच्या फाट्यातच पाहा. एचडीपीई पाइपचा व्यास जाडीच्या सुमारे दहापट आणि अल्पकालीन मापांक सुमारे १ गिगापास्कल धरला तर तरंगवेग सेकंदाला ३१० मीटरच्या घरात येतो. त्याच १.५ मीटर वेगाला उसळी १५६ ऐवजी ४७ मीटर येते, ही चांगली गोष्ट. पण फाटा २० किलोमीटरचा असता तर तरंगाच्या जा-येला ३९ ऐवजी १२९ सेकंद लागले असते, आणि दोन मिनिटांत बंद केलेला व्हॉल्व्हही अचानक बंद झाल्यातच जमा झाला असता. गणित वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तरंगवेगांनी चालवावे आणि प्रत्येक ठिकाणचा वाईटातला वाईट दाब घ्यावा.

प्लास्टिकविषयी एक चूक मला वारंवार दिसते आणि ती असुरक्षित बाजूला नेते, म्हणून आग्रहाने सांगतो. माहितीपत्रकात पन्नास वर्षांच्या भारासाठीचा दीर्घकालीन मापांक दिलेला असतो. तो अल्पकालीन मापांकाच्या काही पट कमी असतो. समजा तो पाचवा हिस्सा आहे आणि कोणी तोच वापरला, तर तरंगवेग १४१ आणि उसळी अवघी २२ मीटर येईल. जलाघात काही सेकंदांचा असतो. प्लास्टिकला सावकाश सरकायला तेवढा वेळ मिळत नाही. तिथे अल्पकालीन मापांकच लागतो.

द्रवरेषा:

आमच्या संचिकेत दीर्घकालीन मापांकच भरलेला होता. आजच तो बदलला. हवेचे प्रमाण प्रत्यक्षात किती आहे, हे वाहिनी सुरू होण्यापूर्वी कळण्याचा काही मार्ग आहे का?

दाबमापक:

दोन मार्ग आहेत आणि दोन्ही संपीड्यतेवरच उभे आहेत.

पहिला दाबचाचणीच्या वेळचा. वाहिनीचा १ किलोमीटरचा तुकडा दोन्ही टोकांना बंद करून पाण्याने भरला आणि दाब १.५ मेगापास्कलने वाढवला, तर तुमच्या पाइपमध्ये जवळपास १.१ घनमीटर पाणी जादा ढकलावे लागेल. त्यातले निम्म्याहून थोडे कमी पाण्याच्या दबण्यासाठी आणि बाकीचे पाइपच्या फुगण्यासाठी. हा आकडा चाचणीपूर्वीच काढून ठेवावा. पंपाने ढकललेले पाणी मोजत दाबाचा आलेख काढत जावे. तो जवळजवळ सरळ रेषेत चढला पाहिजे. सुरुवातीला बरेच पाणी जाऊनही दाब फारसा चढत नसेल आणि मग रेषा उभी होत असेल, तर आत हवा अडकलेली आहे, कारण हवा आधी दबते आणि दाब वाढला की ताठ होत जाते. दाब चढवणे थांबवल्यावर जो हळूहळू उतरतो ती गळती. ही दोन लक्षणे एकमेकांत मिसळू नयेत.

दुसरा मार्ग वाहत्या वाहिनीवरचा. नियंत्रण कक्षात दर १५ मिनिटांनी होणारी दाबाची नोंद इथे निरुपयोगी आहे, कारण ३९ सेकंदांचा दाब दोन नोंदींच्या मधूनच निसटून जातो. सेकंदाला निदान काही डझन नोंदी घेणारे आणि एकाच घड्याळाला जुळवलेले दोन दाबनोंदक ५ किलोमीटर अंतरावर बसवावेत आणि खालच्या व्हॉल्व्हला सुरक्षित मर्यादेत छोटा झटका द्यावा.

जुना_चाकफिरव्या:

छोटा म्हणजे किती, तेही सांगतो. वेगात ०.०५ मीटरचा बदल झाला तरी सुमारे ५ मीटरची पायरी उमटते आणि ती आलेखावर स्वच्छ दिसते. त्याहून मोठा झटका देण्याची गरज नाही. मुख्य व्हॉल्व्हला हात न लावता शेजारचा लहान वॉशआउट व्हॉल्व्ह (वाहिनीतले पाणी बाहेर सोडण्याचा) स्थिर प्रवाहाने उघडा ठेवून चटकन बंद केला, की काम होते.

दाबमापक:

अगदी बरोबर. दोन नोंदकांवर ती पायरी उमटण्याच्या वेळांतला फरक ४.९ सेकंद आला, तर तरंगवेग १०२३ आहे आणि संकल्पनातली गृहीतके त्या पाच किलोमीटरांत टिकली. फरक ७ सेकंदांच्या जवळ आला तर तरंगवेग ७१५ च्या घरात आहे, म्हणजे पाण्यात हवा आहे. तेव्हा त्या दोन नोंदकांमधल्या प्रत्येक उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व्ह उघडून पाहावा, आणि व्हॉल्व्ह बंद करण्याचे वेळापत्रक नव्या तरंगवेगाने पुन्हा चालवून घेईपर्यंत जुने वेळापत्रक वापरू नये.